तोट्याचा धनी कोण?

पुण्यात २०१५ ते २०१९ या काळात राष्ट्रीय पातळीवर खेळणारे फुटबॉलचे चार संघ बंद पडले. पुणे एफसी २०१५ मध्ये गेला. त्याआधी दोनच वर्षे, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये, तो दुसरा आला होता. भारत एफसी एकच हंगाम खेळला आणि त्याच वर्षी थांबला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आटोपला आणि २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी. त्याची इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादला गेली. चारही संघांच्या पाठीशी नाव असलेले उद्योगसमूह होते, खेळायला बालेवाडीचे मैदान होते, गावात फुटबॉलची आवड असलेले लोक होते. मुंबईची कथा वेगळी नाही. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, मुंबई एफसी २०१७ मध्ये.

हे वरच्या मजल्यावरचे संघ. ज्यांच्या सामन्यांना टीव्हीचे कॅमेरे येतात, त्यांची ही गत. मग जिथे कॅमेरा येत नाही, तिकीट फार तर वीस-तीस रुपयांचे लावता येते आणि खेळाडूला सोमवारी सकाळी कामावर जायचे असते, अशा खालच्या थरातल्या लीगचे काय होत असेल? पुढच्या पानांतली टिपणे या प्रश्नातून जन्मली. रत्नागिरी जिल्ह्याच्या नऊ तालुक्यांतून नऊ संघ घेऊन फुटबॉलची लीग चालवता येईल का, आली तर कितीला पडेल, याचा हिशेब काही तरुणांनी मांडला आहे. माझे आयुष्य पतपेढीच्या खातेवह्यांत गेले आणि अजूनही आसपासच्या वाड्यांतली मंडळे जमाखर्च तपासायला माझ्याकडे आणून देतात, म्हणून प्रस्तावना लिहायचे काम माझ्याकडे आले. फुटबॉलमधले मला ऑफसाइडपलीकडे फारसे कळत नाही. मालगुंड म्हटले की लोकांना केशवसुत आठवतात. त्या गावातून कोणी खर्चाच्या रकान्यांवर लिहावे हे जरा विजोडच आहे.

आमच्याकडे स्पर्धा भरवायला कोणाला शिकवावे लागत नाही. कबड्डी असो, टेनिस चेंडूचे क्रिकेट असो, पावती पुस्तके छापली जातात, मुंबईकर मंडळाला फोन जातो, एक जण पहिल्या बक्षिसाचे पैसे देतो, दुसरा चषक, तिसरा मांडव आणि लाऊडस्पीकर. चार रात्री गाव जागते. पाचव्या दिवशी हिशेब होतो आणि थोडाफार तोटा राहिला तर खजिनदार तो गुपचूप खिशातून भरतो. ही पद्धत चालते याला एक साधे कारण आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत बत्तीस संघ प्रवेश फी भरतात आणि पहिल्याच फेरीत सोळा घरी जातात. त्यांची फी तुमच्याकडे राहते, त्यांचा पुढचा खर्च संपतो. जसजशी स्पर्धा पुढे सरकते तसतशी माणसे कमी होतात आणि गर्दी वाढते. आर्थिकदृष्ट्या याहून सुरक्षित रचना शोधून सापडणार नाही.

लीग याच्या नेमकी उलट चालते. तिथे हरणाऱ्यालाही शेवटपर्यंत पोसावे लागते. तळाला असलेल्या संघाला, ज्याचे काहीच पणाला लागलेले नाही, शेवटच्या आठवड्यातही गाडी करून पलीकडच्या तालुक्यात जावे लागते. तो गेला नाही तर समोरच्या संघाचा यजमान सामना बुडतो, तिकीटविक्री बुडते, गुणतक्ता विस्कटतो आणि ज्याने जाहिरातीचे पैसे दिले तो पुढच्या वर्षी फोन उचलत नाही. लीगच्या अर्थकारणाचे सगळे अवघड प्रश्न त्या एका गाडीभाड्यात आहेत. विजेत्याला बक्षीस द्यायला दहा माणसे पुढे येतात. तळाच्या संघाच्या डिझेलसाठी कोणी येत नाही.

अमेरिकेत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर आणि फार वेळा सोडवून पाहिला गेला, म्हणून टिपणांत त्या देशाचे उल्लेख वारंवार येतील. १९६८ साली सुरू झालेली नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग १९७५ मध्ये पेलेला न्यूयॉर्क कॉसमॉससाठी घेऊन आली तेव्हा मैदाने भरू लागली. गर्दी पाहून नवे मालक आले, १९७८ मध्ये संघांची संख्या चोवीसवर गेली. कॉसमॉसच्या मागे वॉर्नर कम्युनिकेशन्ससारखी कंपनी होती. तिच्या बरोबरीने खर्च करायला निघालेल्या बाकीच्यांच्या मागे तशी कोणी नव्हती. १९८४ च्या शेवटच्या हंगामात नऊ संघ उरले होते. नव्या संघांकडून घेतलेली प्रवेशाची रक्कम ही कमाई आहे असे समजणे हा लीगचा सर्वांत जुना रोग आहे. ती एकदाच येते, खर्च दरवर्षी येतो.

त्यानंतर १९९६ मध्ये आलेल्या मेजर लीग सॉकरचेही सुरुवातीचे दिवस कठीण गेले. २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद करावे लागले आणि उरलेले दहा संघ तीन मालकांच्या हाती होते. त्यांपैकी सहा एकट्या फिलिप आनशुट्झच्या समूहाकडे. उरलेल्या दोघांतला एक लामार हंट. जुन्या लीगमध्ये डॅलसचा संघ चालवून त्याने तोटा म्हणजे काय ते आधीच पाहिले होते. आज त्या लीगचे कौतुक करताना लोक मेस्सीपासून सुरुवात करतात. माझ्यासारख्या हिशेबनीसाला २००२ मधले ते तिघे जास्त महत्त्वाचे वाटतात. तोटा कोणाचा, हे त्या वर्षी स्पष्ट ठरलेले होते, आणि ज्यांचा होता त्यांच्याकडे तो सोसायची ऐपत होती.

यातूनच तिथल्या फुटबॉल संघटनेने नियम केले. तिसऱ्या श्रेणीची व्यावसायिक लीग काढायची तर सुरुवातीला किमान आठ संघ हवेत, हजार प्रेक्षकांचे मैदान हवे, प्रत्येक संघाच्या मुख्य मालकाची मालमत्ता किमान एक कोटी डॉलरची हवी आणि हंगाम पुरा करण्याची हमी म्हणून ठेव हवी. एक कोटी डॉलर म्हणजे ऐंशी-नव्वद कोटी रुपये. आपल्याकडे इतका पैसा असलेला माणूस तिसऱ्या श्रेणीचा संघ काढणार नाही, थेट विधानसभेचे तिकीट मागेल. तरीही नियमामागचा विचार पटतो: संघ काढताना लागणारा पैसा तपासू नका, संघ बुडताना कोण उभा राहील ते तपासा.

अर्थात नियमांनीही सगळे सुटत नाही. २०१९ मध्ये त्याच तिसऱ्या श्रेणीत नॅशनल इंडिपेंडंट सॉकर असोसिएशन नावाची लीग सुरू झाली. तिच्यात मिशिगनपासून कॅलिफोर्नियापर्यंतचे संघ होते, म्हणजे एका सामन्यासाठी अर्धा खंड ओलांडायचा, हॉटेल करायचे आणि हजार-दोन हजार तिकिटांवर ते भागवायचे. यातही एक संघ खरोखर रुजलेला होता: डेट्रॉइट सिटी. हौशी लीगमधून वर आलेल्या या संघाने २०१६ मध्ये एका शाळेचे जुने मैदान दुरुस्त करायला स्वतःच्या प्रेक्षकांकडूनच सात लाखांहून अधिक डॉलर परतफेडीच्या बोलीवर उभे केले होते. असा संघ लीगचा खांब ठरायला हवा. तो २०२२ मध्ये वरच्या श्रेणीत निघून गेला. दुसरा रुजलेला संघ, चॅटानूगा, २०२४ मध्ये दुसऱ्या लीगमध्ये गेला. पुढच्या वर्षी या लीगला संघटनेची मान्यता मिळाली नाही. दुबळे संघ बंद पडतात आणि सबळ संघ सोडून जातात. मधल्यांच्या जिवावर लीग चालत नाही.

अमेरिकेच्या अंतरांवर हसू नये. आपला जिल्हा नकाशावर अरुंद दिसतो, पण उत्तरेचे मंडणगड ते दक्षिणेचे राजापूर हा रस्ता दोनशे किलोमीटरच्या घरात जातो. मध्ये खाड्या. मालगुंडहून गुहागरला जायचे तर जयगडहून तवसाळची फेरीबोट धरली की वाट निम्मी होते, पण सामना लांबला आणि शेवटची फेरी चुकली तर परत वळसा घालून यायचे. गाडीवाला त्या वळशाचे पैसे वेगळे लावतो, आणि बरोबरच लावतो.

म्हणून टिपणांतले पहिले कोष्टक गाडीभाड्याचे आहे. नऊ संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी घरी एक आणि बाहेर एक सामना: बहात्तर सामने, म्हणजे बहात्तर प्रवास. अठरा-वीस माणसांच्या गाडीला फेरीमागे सरासरी आठ हजार धरले तर पाच लाख शहात्तर हजार रुपये फक्त रस्त्यावर जातात. आता तेच नऊ संघ दोन गटांत विभागा. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, गुहागर हा उत्तर गट. संगमेश्वर, रत्नागिरी, लांजा, राजापूर हा दक्षिण गट. पहिल्यात वीस सामने, दुसऱ्यात बारा. बत्तीस प्रवास, तेही जवळचे; फेरीला पाच हजार धरले तरी एक लाख साठ हजार. वर उपांत्य आणि अंतिम सामने. चार लाखांचा फरक पडला, आणि त्यासाठी एकाही आमदाराला भेटावे लागले नाही. आकडे गृहीत आहेत, डिझेल वाढले की वाढतील, पण दोन मांडण्यांमधले प्रमाण फारसे हलणार नाही. पंच, रुग्णवाहिका, चुना, जाळी हे सगळे खर्च सामन्यांच्या संख्येबरोबर चालतात, तेही निम्म्याहून खाली येतात. सामने कमी झाले की रंगत कमी होते, ही तक्रार मी मंडळींकडून ऐकली आहे. पहिल्या वर्षी रंगत कमी असलेली बरी.

महाराष्ट्रात गाडीभाड्याचा प्रश्न मुळातच मिटवून टाकलेले एक शहर आहे, आंबा घाट चढून गेलात की फार दूर नाही. कोल्हापूरची फुटबॉल लीग कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन चालवते आणि सगळे सामने राजर्षी शाहू स्टेडियमवर होतात. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी: संघांची नावे वाचली तरी शहराच्या पेठा फिरून आल्यासारखे होते. यजमान आणि पाहुणा हा भेदच नाही, सगळे एकाच मैदानावर, बहुतेक जण चालत किंवा दुचाकीवर येतात. प्रवासखर्च जवळपास शून्य. एका मैदानाची देखभाल, एक तिकीटबारी, एकच पंचमंडळ. भारतात फुटबॉल म्हटले की बंगाल, गोवा, केरळ ही नावे निघतात, पण एका शहरातल्या एका मैदानावर इतकी वर्षे तिकीट काढून गर्दी होते आहे, आणि तीही मराठी मुलुखात, याचे अर्थशास्त्रीय आश्चर्य कोणी फारसे केलेले नाही.

कोल्हापूरचे दुसरे बळ त्याहून महत्त्वाचे आहे. तिथला संघ लीगसाठी जन्माला आलेला नाही. आधी तालीम होती, कुस्तीचा आखाडा होता, पेठेतला गणपती होता. फुटबॉल त्यात नंतर आला. त्यामुळे बसायला जागा, वर्गणी गोळा करायची सवय, रात्री बारा वाजता रुग्णालयात धावणारी पोरे, हे सगळे संघाला फुकट मिळाले. पुण्यातल्या चार संघांना यातली एकेक गोष्ट पगार देऊन विकत घ्यावी लागली. कार्यालय, व्यवस्थापक, प्रसिद्धीप्रमुख, समाजमाध्यमांवर लिहिणारा. समूहाच्या धंद्यात ओढ आली की पहिली कात्री तिथेच लागते. पेठेची आवड मंदीत कमी होत नाही, उलट कामधंदा कमी असला की मैदानावरची गर्दी वाढते.

कोल्हापूरचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा, टिपणांत तो घेतलेला नाही. बक्षिसांच्या स्पर्धा बऱ्याचदा पुढाऱ्यांच्या नावाच्या चषकांवर उभ्या असतात. निवडणुकीच्या वर्षी फुटबॉल श्रीमंत होतो. परदेशी खेळाडू आणून बसवायची चढाओढ एके काळी इतकी वाढली की त्यावर मर्यादा घालावी लागली. समर्थकांच्या मारामाऱ्यांनी सामने थांबले आहेत. आणि खेळाडूला वर जायची शिडी तिथेही शहराबाहेरूनच धरावी लागते. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ भारतीय महिला लीगमध्ये उतरला, पण या गोष्टी पेठांच्या लीगमधून आपोआप घडलेल्या नाहीत. वर जायची वाट नसलेली लीग प्रेक्षकाला पुरते, होतकरू मुलाला पुरत नाही.

वरची वाट किती बेभरवशाची आहे, तेही पाहून घ्यावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना व्यापारी हक्क दिले. त्या करारातून पुढे आयएसएल आली आणि अनेक वर्षे तिथून ना कोणी खाली गेले, ना खालून कोणी वर आले. गोव्यात याचा फटका दिसला. जहाज आणि खाण धंद्यात मोठ्या झालेल्या घराण्यांनी पोसलेले धेंपो आणि साळगावकर हे संघ, आणि त्यांच्या जोडीने स्पोर्टिंग क्लब, २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. धेंपोने तोवर पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. वरचे दार बंद आहे असे कळल्यावर खाली पैसे कशाला घालायचे, हा त्यांचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. २०२३ मध्ये पंजाब एफसी आय-लीग जिंकून वर गेला तेव्हा दार किलकिले झाले. मग २०२५ च्या डिसेंबरमध्ये करार संपणार होता, नवा ठरेना, आणि आयएसएलचा हंगामच वेळेवर सुरू झाला नाही. मालगुंडच्या मुलाला याच्याशी काय देणेघेणे, असे वाटेल. पण खालच्या लीगला जाहिरात देणारा माणूस टीव्हीवरच्या बातम्या बघूनच पाकीट उघडतो.

जाहिरातीवरून आठवले. जयगडला बंदर आहे, १२०० मेगावॉटचा वीजप्रकल्प आहे, तेव्हा कंपन्यांच्या सामाजिक निधीतून लीग चालेल अशी टिपणांतल्या एका लेखकाची खात्री आहे. माझी नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के द्यावे लागतात आणि त्यात ग्रामीण खेळांचे प्रशिक्षण बसते, हे खरे. पण एकवेळचे सोहळे आणि निव्वळ जाहिरातबाजी त्यात बसत नाही. म्हणजे शाळांतल्या मुलांसाठी वर्षभर चालणारे शिकवणी केंद्र, तिथला प्रशिक्षक, चेंडू, बूट यांसाठी अर्ज करता येईल. वरिष्ठ संघाच्या गाडीभाड्यासाठी नाही. शहाणपणा असा की दोन खाती वेगळी ठेवावीत. मुलांचे खाते निधीवर, मोठ्यांचे वर्गणी आणि तिकिटावर. एकातून दुसऱ्यात उसने घ्यायचे नाही, दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. प्रायोजकत्व घेतले तर त्यावर अठरा टक्के वस्तू-सेवा कराचा विचार आधी करावा. लाख रुपये म्हणून टाळ्या पडतात आणि कर आत धरून ठरले असेल तर हातात पंच्याऐंशी हजारही येत नाहीत.

मैदानाबद्दल दोन शब्द, कारण इथे कोकण इतरांहून महाग आहे. आमची सपाट जमीन म्हणजे बहुतेक कातळ. त्यावर गवत धरायचे तर माती बाहेरून आणायची, पावसात ती वाहून जाऊ नये म्हणून गडगे घालायचे, आणि दिवाळीनंतर पाणी द्यायचे. पाणी कुठले द्यायचे, हा प्रश्न पिण्याच्या पाण्याच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईसमोर विचारायची माझी तयारी नाही. पुळणीवर ओहोटीला मुले खेळतात, पण भरतीच्या वेळापत्रकावर लीग बांधता येत नाही. शाळांची मैदाने हाच मार्ग उरतो. मग शाळेला भाड्याऐवजी देखभाल द्यायची, असा करार टिपणांत सुचवला आहे, तो मला सगळ्यात पटला.

हंगामाचेही तसेच. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच गणपती. मग नवरात्र, भातकापणी. मार्चमध्ये शिमगा, आणि तिथून आंब्याचा हंगाम सुरू होतो तो मेअखेर. बागेत हात लागतात तेव्हा मुलांना कोणी सरावाला सोडणार नाही. गर्दी मात्र मेमध्येच असते, मुंबईकर आलेले असतात. म्हणजे खेळाडू मोकळे असतात तेव्हा प्रेक्षक नाहीत, आणि प्रेक्षक असतात तेव्हा खेळाडू नाहीत. टिपणांनी यावर काढलेला तोडगा असा: साखळी सामने दिवाळी ते शिमगा, आणि अंतिम फेरी मेच्या पहिल्या पंधरवड्यात. वर्षाचे निम्मे उत्पन्न त्या दोन-तीन दिवसांत येईल असा त्यांचा अंदाज आहे. असेलही. पण मग फेब्रुवारीतला खर्च भागवायला हातात रोकड लागेल, ती कोणाची, याचे उत्तर पावती पुस्तकात नाही.

इथे मी मंडळींना एक दुरुस्ती सुचवली आणि त्यांनी ती शेवटच्या प्रकरणात घेतली. प्रत्येक संघाने सुरू होण्याआधी अनामत ठेवावी, ती गावच्या पतसंस्थेत लीगच्या नावे राहावी, आणि शेवटचा सामना खेळल्यावरच व्याजासह परत मिळावी. ज्याने बाहेरचा एक जरी सामना चुकवला त्याची अनामत ज्याचे नुकसान झाले त्या यजमान संघाला. आणि प्रत्येक संघामागे मुंबईतल्या गावमंडळातला एक हमीदार, नाव-सहीसकट. नऊ तालुक्यांत असे नऊ हमीदार मिळाले नाहीत तर सहाच संघ घ्यावेत. सहाही मिळाले नाहीत तर यंदा बाद पद्धतीची स्पर्धा भरवावी, ती आपल्याला येते.

वाचकांनी टिपणे क्रमाने वाचायची गरज नाही. ज्याला संघ काढायचा आहे त्याने गाडीभाड्याच्या कोष्टकापासून सुरुवात करावी, शिक्षकांनी मैदानाच्या करारापासून. देणगीदारांसाठी शेवटचे पान कोरे ठेवले आहे. त्यावर रक्कम लिहिण्याआधी ती कोणत्या महिन्यात देणार, तो महिना लिहावा.

मालगुंड, जि. रत्नागिरी